जबड्याची गाठ पुन्हा पुन्हा येत असेल तर: अ‍ॅक्टिनोमायकोसिस कसा ओळखावा

दाढ काढल्यानंतर काही आठवड्यांनी जबड्याच्या कोपऱ्याशी कडक, फारशी न दुखणारी सूज येते, पाच दिवसांच्या अँटिबायोटिकने ती बसते आणि गोळ्या संपल्या की पुन्हा वर येते, असे होत असेल तर अ‍ॅक्टिनोमायकोसिसची शंका घ्यावी. अ‍ॅक्टिनोमायसिस हे जिवाणू आपल्या तोंडात एरवीही असतात. किडलेला दात, जखम किंवा दाढेचा खड्डा यांतून ते खोल ऊतींत शिरले म्हणजे हा चिवट आजार सुरू होतो. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. क्वचित फुप्फुसात, पोटात किंवा बराच काळ तांबी बसवलेल्या स्त्रियांच्या ओटीपोटातही तो होतो.

नागपुरात खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खाणारे पुष्कळ असल्याने अशी गाठ दिसताच घरचे कॅन्सरने धास्तावतात, आणि मानेवर छिद्र पडून पू वाहू लागला की टीबीचे नाव निघते. या दोन्ही शंका रास्त आहेत, म्हणूनच बायोप्सीशिवाय (गाठीचा छोटा तुकडा काढून केलेल्या तपासणीशिवाय) कोणताही निष्कर्ष काढू नये. जखमेवरच्या गॉझवर रव्यासारखे बारीक पिवळसर कण दिसले तर ते गॉझ फेकून न देता डॉक्टरांना अवश्य दाखवावे. हे कण म्हणजे बहुधा जिवाणूंचे पुंजके असतात.

तपासणीसाठी नागपुरात मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातील शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालयात जाता येईल. शक्यतो नवे अँटिबायोटिक सुरू होण्यापूर्वी सुईने पू काढून घेतला जावा आणि नमुन्यासोबतच्या कागदावर या आजाराची शंका स्पष्ट लिहिलेली असावी, कारण हे जिवाणू ऑक्सिजनविना आणि फार सावकाश वाढतात. नेहमीप्रमाणे दोन-तीन दिवसांत कल्चर (नमुन्यातील जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहणे) बंद केले तर ते हाती लागत नाहीत. श्वास घेताना किंवा गिळताना त्रास होऊ लागला तर मात्र तपासण्यांची वाट न पाहता तातडीच्या विभागात जावे.

आजार पसरलेला असेल तर साधारण 2 ते 6 आठवडे शिरेतून पेनिसिलिन आणि पुढे 6 ते 12 महिने अ‍ॅमॉक्सिसिलिनसारख्या गोळ्या देतात. मर्यादित आजारात हा काळ कमी असू शकतो. दातदुखीसाठी मेडिकल स्टोअरमधून सर्रास घेतले जाणारे मेट्रोनिडॅझोल या जिवाणूंवर चालत नाही. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असल्यास आधीच सांगावे, म्हणजे डॉक्सिसायक्लिनसारखा पर्याय निवडता येतो. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवावी, मूळ दाताचा इलाज करून घ्यावा, आणि सूज उतरली तरी डॉक्टरांनी सांगेपर्यंत एकही गोळी स्वतःहून बंद करू नये.