थंडीतला लार्कस्पर, खानदेशच्या काळ्या मातीत

लार्कस्पर या फुलझाडाच्या बियांच्या पाकिटावर ‘बहुवर्षायू’ (वर्षानुवर्षं जगणारं) छापलेलं असलं तरी जळगाव-धुळ्याकडे त्या भरवशावर राहू नका. लार्कस्परची डेल्फिनियम ही बहुवर्षायू भावंडं थंड हवेतली. मे महिन्यातलं आपलं ४५ अंशांचं ऊन त्यांना सोसत नाही. हंगामी लार्कस्पर मात्र हरभऱ्यासारखा रब्बीत धरावा. मनापासून फुलतो.

कोजागिरीनंतर रात्री गार व्हायला लागल्या की पेरा. बी १० ते १५ अंशांत चांगलं उगवतं, उकाड्यात नुसतं पडून राहतं. म्हणून आधी दहा-बारा दिवस ओलसर वाळूत मिसळून, झाकणाच्या डबीत फ्रीजमध्ये ठेवा. बर्फाच्या कप्प्यात नको. डबीवर ‘विष’ असं ठळक लिहा. हे काळं, खरबरीत बी कांद्याच्या बियांसारखं दिसतं आणि झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे, बी तर सर्वांत जास्त.

आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. वीतभर उंच गादीवाफा करून त्यात वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळा. मातीतल्या चुनखडीचं लार्कस्परला वावडं नाही.

बी थेट वाफ्यातच टाका. पहिल्या वर्षी मी ट्रेमध्ये रोपं करून लावली, आठवड्यात जवळपास सगळी माना टाकून बसली. सोटमूळ दुखावलं की हे झाड सावरत नाही. बियांवर अर्धा सेंटीमीटर माती हवीच, कारण त्यांना उगवायला अंधार लागतो. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतील. चार-पाच पानांवर विरळणी करून दोन रोपांत २० ते २५ सेंटीमीटर अंतर ठेवा. पाणी सकाळी, बुंध्याशी.

गुडघाभर वाढली की प्रत्येकाला तुराटीचा आधार द्या, नाहीतर वाऱ्यात तुरे आडवे होतात. माघ-फाल्गुनात निळे, जांभळे, गुलाबी तुरे येतील. एक फूल उलटं करून बघा: मागे बारीक नखी निघालेली असते. लार्क म्हणजे आपला चंडोल. त्याच्या मागच्या बोटाच्या लांब नखावरूनच हे नाव पडलं.

काढलेली झाडं गोठ्याजवळ टाकू नका. वाळली तरी विष जात नाही, म्हणून शेळ्या पोचणार नाहीत अशा खड्ड्यात पुरा. दोन-चार तुरे बियांसाठी राखा आणि शेंगा तपकिरी झाल्या की फुटायच्या आत, हातमोजे घालून कागदी पिशवीत खुडा.