उपनगरात परवडणारे भाड्याचे घर शोधताना

उपनगरात घर पाहणाऱ्या बहुतेकांची नजर जाहिरातीतील भाड्याच्या आकड्यावर खिळलेली असते, आणि शहराच्या मध्यापासून जितके लांब जावे तितके घर स्वस्त पडते, असा त्यांचा हिशेब असतो. तो अर्धाच खरा आहे. अंतर वाढले की भाडे उतरते, पण प्रवासाचा खर्च चढतो. अर्थतज्ज्ञ विल्यम अलोन्सो यांनी १९६४ मध्ये हेच नाते सिद्धान्तरूपाने मांडले होते. घरखर्च उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत असावा, ही सर्रास वापरली जाणारी मोजपट्टी म्हणूनच नुसत्या भाड्याला लावून भागत नाही. अमेरिकेतील सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी ही संस्था घर आणि प्रवास मिळून ४५ टक्क्यांची मर्यादा धरते. उपनगरात राहणाऱ्यासाठी मला तीच अधिक प्रामाणिक वाटते.

तेव्हा घरे पाहायला बाहेर पडण्याआधी महिन्याचा पूर्ण खर्च कागदावर मांडावा. मेंटेनन्स, पाणी आणि पार्किंगचे पैसे भाड्यात धरलेले आहेत की वेगळे द्यायचे, हे फोनवरच विचारून घ्यावे. एक महिन्याचे भाडे दलाली म्हणून द्यावे लागले आणि मुक्काम ११ महिन्यांचाच झाला, तर ते घर प्रत्यक्षात सुमारे ९ टक्क्यांनी महाग पडते; तेच ३ वर्षे राहिल्यास हा बोजा ३ टक्क्यांच्याही खाली येतो. प्रवासात जाताना ४० आणि येताना ४० मिनिटे जास्त लागत असतील, तर कामाच्या २५ दिवसांत ३३ तासांहून अधिक वेळ जातो. एवढ्या वेळेच्या मोबदल्यात भाड्यात किती बचत होते, ते ज्याचे त्याने पाहावे.

ठिकाण निवडताना किलोमीटरपेक्षा वाहन किती वेळा बदलावे लागते, हे महत्त्वाचे असते. जलद गाड्या थांबतात त्या स्थानकालगतची घरे सहसा महाग असतात. त्याच मार्गावर एक-दोन स्थानके पुढे-मागे, किंवा स्थानकापासून पायी १५ मिनिटांवर भाडे बरेचदा उतरते. लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावरचे घरही तुलनेने स्वस्त मिळते. मात्र ‘इथे लवकरच मेट्रो येणार आहे’ या भरवशावर एक पैसाही जास्त देऊ नये, कारण भाडे आजपासून भरायचे असते. घरापासून कामाच्या ठिकाणापर्यंतचा प्रवास सुटीच्या दिवशी न करता, सकाळच्या ऐन गर्दीत एकदा करून पाहावा आणि परतीची शेवटची बस किंवा गाडी किती वाजता सुटते, तेही पाहून ठेवावे.

संकेतस्थळांवर घरे दिसतात, पण चांगली आणि स्वस्त घरे पुष्कळदा तिथवर पोहोचण्याआधीच जातात. म्हणून परिसर ठरला की तिथे राहणारे सहकारी, इमारतींचे रखवालदार आणि फाटकावरचे ‘भाड्याने देणे आहे’ असे फलक यांच्याकडे वळावे. आसपासच्या घरांपेक्षा एखाद्या घराचे भाडे फारच कमी असेल, मालक परगावी असेल आणि घर दाखवण्याआधी टोकन मागत असेल, तर तो व्यवहार तिथेच थांबवावा. घर आतून पाहिल्याशिवाय आणि मालकीची कागदपत्रे तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पाहणी दिवसाउजेडी करावी. स्वयंपाकघरातला आणि न्हाणीघरातला नळ एकाच वेळी सोडला की पाण्याचा खरा दाब कळतो. चार भिंतींपैकी एकीलाच ताजा रंग दिसला, तर तळाशी हात फिरवून पाहावा. फुगलेला पापुद्रा किंवा गारवा लागला, की त्या रंगाखाली ओल आहे असे समजावे. पाणी किती वाजता आणि किती वेळ येते, हे मालकापेक्षा शेजाऱ्याला विचारणे बरे.

भाड्याची घासाघीस करताना गरज न सांगता स्थैर्य सांगावे. घर काही आठवडे रिकामे पडले असेल, तर जास्त मुदतीचा करार करण्याची तयारी दाखवून भाडे किंवा अनामत रक्कम कमी करून मागता येते, कारण रिकाम्या घराचे नुकसान मालकालाही सोसवत नाही. करारात वार्षिक वाढ टक्क्यांत लिहिलेली असावी. नोटिशीची मुदत दोन्ही पक्षांना सारखी असावी. मोठ्या दुरुस्तीचा खर्च कोणाचा आणि अनामत रक्कम किती दिवसांत परत मिळेल, हेही स्पष्ट असावे. लॉक-इनचे, म्हणजे ठरावीक काळ घर न सोडण्याचे, कलम नीट वाचावे, कारण मुदतीआधी घर सोडल्यास उरलेल्या महिन्यांचे भाडे त्यातूनच मागितले जाते. अनामत बँकेमार्फत द्यावी आणि तिची पावती घ्यावी. किल्ली हातात पडली की सामान आत आणण्यापूर्वी प्रत्येक खोलीची, तुटक्या फरशीची आणि वीजमीटरच्या आकड्याची छायाचित्रे काढून ती त्याच दिवशी मालकाला पाठवावीत.