दीर्घकालीन वेदनेवरचे संशोधन कसे वाचावे

मी सांगलीतील एका महाविद्यालयात सांख्यिकी शिकवते. वैद्यकीय पदवी माझ्याकडे नाही. तरीही तासगावजवळ द्राक्षबाग असलेल्या माझ्या वहिनींच्या कंबरदुखीमुळे गेल्या काही वर्षांत वेदनेवरचे बरेच शोधनिबंध वाचावे लागले, आणि त्यासाठी लागणारे गणित दहावीच्या फारसे पलीकडचे नसते असे लक्षात आले. त्या वाचनाची रीत येथे मांडत आहे. उपचार ठरवण्याचे काम डॉक्टरांचेच आहे. त्यांच्यासमोर बसताना आपल्या हाती नेमका प्रश्न असावा, एवढाच हेतू.

आधी एक ताकीद. कंबरदुखीबरोबर लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातील ताकद कमी होत चालली, तर वाचत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ताप, कारणाशिवाय घटणारे वजन, नुकतीच झालेली पडझड किंवा पूर्वी झालेला कर्करोग असेल तरीही डॉक्टरांकडे जाण्यात दिरंगाई करू नये.

पहिली पायरी म्हणजे आपले दुखणे संशोधकांच्या कोणत्या खान्यात बसते हे डॉक्टरांकडून समजून घेणे. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या किंवा पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या वेदनेला दीर्घकालीन म्हणतात. पण गुडघ्याची झीज, मधुमेहामुळे तळपायांची होणारी आग आणि अंगभर पसरलेले दुखणे ही तीन वेगळी प्रकरणे आहेत आणि एकावरचा निष्कर्ष दुसऱ्याला लावता येत नाही. तिसऱ्या प्रकारात इजा शोधून सापडत नाही, तरी दुखणे खरे असते. वेदनेचे संशोधक क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की इजेनंतर मज्जारज्जूतील चेतापेशीच अधिक संवेदनशील होऊ शकतात. वहिनींना एका दवाखान्यात ‘हे सगळे मनाचे खेळ आहेत’ असे ऐकवले गेले होते. त्या दिवशी हे संशोधन मला ठाऊक असते तर बरे झाले असते.

त्यानंतर हातातला एमआरआय अहवाल वाचावा, आणि तो घाबरून वाचू नये. आपल्याकडे ‘गादी सरकली’, ‘मणक्यात गॅप आला’ हे शब्द एकदा कानावर पडले की माणूस खाली वाकायचेच सोडून देतो. वहिनींच्या अहवालात दोन मणक्यांमधील गादी फुगल्याची नोंद होती. त्याच सुमारास माझ्या वाचनात २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक आढावा आला. कंबर मुळीच दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्या त्यात एकत्र केल्या होत्या. पन्नाशीच्या वयोगटात गादीची झीज सुमारे ८० टक्के लोकांत आणि गादीचा फुगवटा सुमारे ६० टक्के लोकांत दिसला. याचा अर्थ अहवाल खोटा असतो असा नाही. पन्नाशीच्या बाईच्या अहवालात फुगवटा दिसला म्हणून तोच दुखण्याचे कारण आहे असे परस्पर ठरवता येत नाही, इतकाच आहे.

आता मुख्य काम. कोणत्याही उपचाराचा निष्कर्ष समोर आला की ‘किती लोकांना बरे वाटले’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘कशाच्या तुलनेत’ हा प्रश्न आधी विचारावा. याचे कारण आमच्या बागेइतके स्पष्ट मला कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडले नाही. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे) आणि विरळणीचे दिवस येतात. दिवसभर मान वर करून, हात उंच धरून घडांमधील मणी कात्रीने काढायचे असतात. वहिनींची कंबर त्याच दिवसांत सर्वाधिक ठणकते, आणि दुखणे शिगेला पोचले की त्या मिरजेची एसटी धरतात. तिथे नवी गोळी सुरू होते, दोन-तीन आठवड्यांत विरळणी संपते, दुखणे उतरते आणि श्रेय गोळीला जाते. गोळीऐवजी एखादे तेल किंवा पट्टा सुरू केला असता तर त्यालाही तेवढेच श्रेय मिळाले असते. दुखणे कळसाला असताना मोजले की पुढचे माप बहुधा खालीच येते. म्हणूनच चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडून त्यांपैकी एकाला खरे औषध आणि दुसऱ्याला तसेच दिसणारे, पण औषध नसलेले लुटुपुटूचे औषध दिलेले नसेल, तर त्या आकड्यांवर फार भार टाकू नये.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. पायात उतरणाऱ्या सायटिकाच्या कळांसाठी प्रीगॅबॅलिन हे औषध पुष्कळदा लिहून दिले जाते. त्याची चाचणी ऑस्ट्रेलियात २०९ रुग्णांवर झाली आणि २०१७ साली प्रसिद्ध झाली. शून्य ते दहा या मापावर औषध घेणाऱ्यांची पायदुखी ६.३ वरून आठ आठवड्यांत ३.७ वर आली. एवढेच वाक्य कोणी वॉट्सअ‍ॅपवर पाठवले, तर आपण गोळीला हात जोडू. पण लुटुपुटूच्या गटाची पायदुखी ६.१ वरून ३.१ वर आली होती, आणि चक्कर येण्यासारखे त्रास औषधाच्या गटात अधिक होते. मात्र येथेच थांबून ‘हे औषध निरुपयोगी’ असे म्हणणेही चुकीचे ठरेल, कारण मधुमेहाने चेतातंतूंना झालेल्या इजेच्या किंवा नागिणीनंतर मागे राहणाऱ्या वेदनेवर त्याचा उपयोग चाचण्यांतून दिसलेला आहे. शिवाय हे औषध मनाने एकदम बंद करणे धोक्याचे असते.

शस्त्रक्रियेलाही हाच प्रश्न लागू पडतो. झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालून सफाई करण्याच्या शस्त्रक्रियेची तुलना ह्यूस्टन येथे केवळ त्वचेवर छेद देण्याशी केली गेली. १८० रुग्णांच्या या चाचणीत, जी २००२ साली प्रसिद्ध झाली, दोन वर्षांत सफाईचा गट सरस ठरला नाही. ही चाचणी सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल नाही, हे वेगळे सांगितले पाहिजे, कारण आमच्या नात्यातील एका काकांनी ती वाचून तेवढ्यावर सांधा बदलण्याचा बेत पुढे ढकलला.

यानंतर ‘चाचणीत कोण लोक होते’ हे पाहावे. चालण्याने कंबरदुखी बरी होते, अशी बातमी २०२४ साली बरीच फिरली. मूळ चाचणीतील ७०१ जण कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेले होते, आणि फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली टप्प्याटप्प्याने चालणे वाढवणाऱ्यांत दुखणे पुन्हा उलटेपर्यंतचा मध्यक काळ २०८ दिवस होता, तर इतरांत ११२ दिवस. निष्कर्ष मोलाचा आहे, पण तो दुखणे उलटण्याविषयीचा आहे. चालू दुखण्यावर चालण्याचा काय परिणाम होतो, हे त्या चाचणीने विचारलेलेच नव्हते.

फरक किती गुणांचा आहे हेही पाहावे. दहाच्या मापावर अर्ध्या गुणाचा फरक आकडेमोडीत ‘लक्षणीय’ ठरू शकतो आणि रोजच्या जगण्यात जाणवतही नाही. एका माणसाच्या दुखण्यात साधारण दोन गुणांची किंवा ३० टक्क्यांची घट झाली तर ती अर्थपूर्ण मानण्याचा प्रघात आहे.

शोधनिबंधांचे सारांश पबमेड या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. भारतातील चाचण्यांची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया या २००७ साली सुरू झालेल्या नोंदवहीत कोणालाही पाहता येते. तिथे आधी काय मोजायचे ठरले होते आणि निबंधात शेवटी काय छापले, हे ताडून पाहावे. मोबाईलवरून मराठी भाषांतर करून वाचायला हरकत नाही, पण आकडे आणि ‘नाही’ हा शब्द मूळ मजकुराशी जुळवून घ्यावेत.

वाचनाबरोबर स्वतःची वहीही ठेवावी. दर रविवारी गेल्या आठवड्याबद्दल तीन आकडे शून्य ते दहामध्ये लिहावेत: सरासरी दुखणे किती होते, त्याने जगण्यातला आनंद किती हिरावला आणि रोजच्या कामात किती अडथळा आला. तिन्हींची सरासरी काढावी. शेजारी त्या आठवड्यातील काम, झोप आणि औषधातील बदल एका ओळीत लिहावा. वहिनींच्या वहीत ‘७, ५, ८, विरळणी, तीन रात्री झोप नाही’ अशा नोंदी आहेत, आणि डॉक्टरांनी कोणत्याही अहवालापेक्षा ती वही अधिक वेळ पाहिली.

भेटीला जाताना प्रश्न दोनच न्यावेत, कारण ओपीडीच्या गर्दीत तिसऱ्याला वेळ उरत नाही. आमच्या चिठ्ठीवर असे लिहिले होते: ‘ही गोळी माझ्या कोणत्या प्रकारच्या दुखण्यासाठी आहे? किती आठवड्यांत फरक दिसला नाही तर ती हळूहळू कमी करायची?’ डॉक्टरांनी वही उलटून पाहिली, गोळी टप्प्याटप्प्याने उतरवायचा तक्ता करून दिला आणि फिजिओथेरपी सुरू केली. वहिनींनी वहीत त्या दिवसाची तारीख घातली आणि पुढे लिहिले, ‘गोळी कमी, व्यायाम सुरू. विरळणी अजून आठ दिवस आहे.’