चिरेखाणीवर पिकअप चालवताय? या चुका टाळा

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या चिरेखाणींवर, म्हणजे जांभा दगडाचे बांधकामाचे चिरे कापतात तिथे, पिकअपची खरी परीक्षा होते. खाणीतून वर येणारी कच्ची चढण, जांभ्याची लाल धूळ, जागोजागी खड्डे आणि हौद्यात दगड. नीट वापरलेली गाडी हे वर्षानुवर्षं सोसते. जी लवकर बसते, ती बहुतेक वेळा जादा मालामुळे आणि संध्याकाळी तिच्याखाली कुणी वाकून बघत नाही म्हणून.

आधी वजनाचं. चिरा आकारानुसार साधारण २५ ते ३५ किलोंचा असतो. १.७ टनांच्या पिकअपमध्ये ३० किलोंचे ५५ चिरे भरले की १,६५० किलो झाले. हौदा मात्र अर्धाही भरल्यासारखा वाटत नाही. मग ‘अजून मावतील’ म्हणत भरणं सुरूच राहतं. फाळक्याची (हौद्याच्या कडेच्या फळीची) उंची बघून भरू नका, चिरे मोजून भरा. जांभा पाणी पितो, त्यामुळे भिजलेले चिरे आणखी जड होतात. पावसाआधी बांधकाम उरकायच्या घाईत हे हमखास विसरलं जातं.

पाटे, म्हणजे गाडीखालच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, बसायला लागले की पुढची चूक ठरलेली: जादा पाटा घालून घेणं. गाडी मागून उचललेली दिसते आणि मालक खूश होतो. पण गाडीची वजन पेलायची मर्यादा त्याने वाढत नाही. अ‍ॅक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि चेसी तीच असतात. पाटा वाकून जो इशारा देत होता, तेवढा बंद होतो. शिवाय रिकामी गाडी खड्ड्यात आपटते, ती वेगळीच. मला विचाराल तर त्या पैशांत एक जादा फेरी मारा.

आठवड्यातून एकदा तरी गाडी खालून धुवा आणि मग बघा, कारण लाल धुळीखाली तडा दिसत नाही. कॅबिनच्या मागे, जिथे हौदा सुरू होतो तिथे, चेसीच्या रंगावर केसाएवढी रेघ असेल आणि धुतल्यावरही तिच्यातून गंज ओघळत असेल, तर गाडी भरू नका. पाटे अ‍ॅक्सलला आवळून धरणाऱ्या यू-बोल्टच्या नटाशेजारी लोखंड घासून चकचकीत झालं असेल तर तो हलतोय. ढिल्या यू-बोल्टमुळे पाटे सरकतात, पाट्यांच्या मधला सेंटर बोल्ट तुटतो, अ‍ॅक्सल जागा सोडतो आणि गाडी तिरकी चालायला लागते. पाटा बदलल्यावर थोडे दिवस गाडी चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यायलाच हवेत. बरेच जण नेमकं हेच करत नाहीत.

गाडी जागेवरून उचलताना खालून ‘टक्’ असा आवाज आला तर आधी मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (सांधा) तपासा. ग्रीस वेळेवर मारलं असतं तर तो टिकला असता.

चढणीवर हाफ क्लच धरून थांबू नका. पहिल्या गिअरने सुरुवात करा. चढलीच नाही तर रिव्हर्स टाकून सावकाश मागे या, न्यूट्रलवर कधीच नाही. उतारालाही गिअरमध्येच राहा. नुसत्या ब्रेकवर भरलेली गाडी उतरवली तर ड्रम तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक लागत नाहीत. फोर बाय फोर असेल तर डांबरावर येताच ते काढा. वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, आणि बहुतेक पिकअपमध्ये हा फरक पचवायला मध्ये डिफरन्शिअल (वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) नसतो. सगळा ताण शाफ्टवर आणि गिअरवर येतो.

वहाळातून (ओढ्यातून) जाण्याआधी थोडं थांबा. अ‍ॅक्सलमधला तापलेला डिफरन्शिअल गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते. ब्रीदर (हवा ये-जा करायची वाट) चिखलाने बुजलेला असेल तर सीलमधून पाणी आत खेचलं जातं. नंतर ऑइल दुधाळ दिसलं तर लगेच बदला. तसंच चालवलं तर बेअरिंग जातं. पाण्यात इंजिन बंद पडलं तर सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी गाडी बाहेर ओढा, एअर फिल्टर उघडून बघा.

रुतलेल्या गाडीचे आधी चिरे उतरवा, मग टोचन करा. दोर बंपरला किंवा टाय रॉडला बांधू नका, टोइंग हुकलाच बांधा. आणि दोर ताणलेला असताना त्याच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका. तुटलेला वायररोप माणसाचा पाय मोडतो.