राउटरचे दिवे आणि ॲडॉप्टर : या चुका टाळा

पावसाळा सुरू झाला की आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या घरात दिवसातून एकदा तरी हाक येते, "नेट गेलं!" आणि पुढच्याच मिनिटाला कुणीतरी राउटरच्या पाठीमागच्या बारीक भोकात टाचणी खुपसायला निघतं. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून सुरुवात तिच्यापासून करतो.

ते भोक रिसेटचं आहे. आतलं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरलं की राउटर दुकानातून आणला तेव्हा होता तसा कोरा होतो. वायफायचं नाव आणि पासवर्ड तर जातातच, शिवाय जोडणी देताना तंत्रज्ञाने भरलेलं युजरनेम आणि बाकीची सेटिंगही बहुतेक वेळा पुसली जातात. मूळ बिघाड बाहेरच्या वायरीत असेल, तर ती वायर दुरुस्त झाल्यावरही तुमचं नेट सुरू होत नाही. रीस्टार्ट हवा असेल तर सॉकेटचं बटण बंद करा, अर्धा मिनिट थांबा, परत चालू करा. दिवे जागेवर यायला दोन-तीन मिनिटं लागतात. त्या दोन मिनिटांत तीनदा बंद-चालू करणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने राउटर पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, एवढंच.

प्रत्येक लुकलुकणं सारखं नसतं

दिवे एका क्रमाने वाचायचे : आधी पॉवर, मग पॉन (फायबरची, म्हणजे बाहेरून येणाऱ्या काचेच्या तारेची जोडणी), मग इंटरनेट, शेवटी वायफाय. अलीकडचा दिवा बिघडलेला असताना पलीकडच्याकडे बघून काही कळत नाही.

वायफायचा आणि लॅनचा (वायरीने जोडलेल्या उपकरणांचा) दिवा लुकलुकतो तेव्हा माहितीची ये-जा चालू असते. ते चांगलं लक्षण. पॉनचा दिवा मात्र स्थिर हिरवा हवा. तो लुकलुकत राहिला तर राउटर कंपनीच्या यंत्राशी जुळायची खटपट करतो आहे आणि जुळत नाहीये. एलओएसचा (लॉस ऑफ सिग्नल, म्हणजे सिग्नल तुटल्याचा) दिवा याच्या उलट : तो बंद असणं हेच ठीक. "एक दिवा लागतच नाही" म्हणून तक्रार करणाऱ्यांच्या घरी बरेचदा हाच दिवा असतो, नाहीतर फोनचा, कारण लँडलाइन जोडलेलीच नसते.

एलओएस लाल लुकलुकतो आहे म्हणजे फायबरमधून प्रकाश राउटरपर्यंत पोचत नाही. आपल्याकडे याची कारणं अगदी ओळखीची आहेत. माडाची झावळी वायरीवर पडते. नाहीतर चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी घराला रंग देताना कपाट सरकवतात आणि वायर कपाटामागे दुमडली जाते. फायबरच्या आत केसासारखी काच असते. लिंबाएवढ्या वेटोळ्यापेक्षा ती लहान वळवू नका. वाकल्या जागेतून प्रकाश बाहेर सांडतो. वायर तुटलेली दिसत नाही, पण दिवा लाल होतो. आमच्याकडे गेल्या चवथीच्या आधी कपाट एक वीत पुढे ओढलं, वायर सरळ झाली आणि मिनिटभरात पॉन हिरवा झाला.

वायरीच्या टोकाचा हिरवा प्लग उपसून बोटाने किंवा शर्टाने पुसू नका. त्या टोकावरचा घामाचा डागसुद्धा प्रकाश अडवतो. आणि टोक डोळ्यासमोर धरून "उजेड येतो का" हे तर मुळीच बघू नका. फायबरमधला लेझर १४९० आणि १३१० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा असतो. काही दिसलं नाही म्हणजे काही नाही, असं नव्हे.

पॉन हिरवा आणि इंटरनेट लाल असेल तर वायर ठीक आहे. रिचार्ज संपला आहे का ते आधी पाहा. नसेल तर लॉगिन किंवा कंपनीच्या बाजूची अडचण. सगळे दिवे हिरवे आणि तरी आतल्या खोलीत नेट नाही, ही तर जुन्या घरांची नेहमीची गोष्ट. चिऱ्याच्या जाड भिंती वायफाय अडवतात. त्यात बिघाड कसलाच नाही, राउटरची जागा बदलायला हवी.

खरा चोर ॲडॉप्टर

याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आमचे दोन महिने यात गेले. रोज संध्याकाळी सात-साडेसातनंतर नेट जायचं, पाच मिनिटांनी आपोआप यायचं. मी कंपनीला फोन करायचो, तंत्रज्ञ सकाळी अकराला यायचा, तेव्हा सगळं व्यवस्थित. बिचारा तीनदा येऊन गेला. मग एका संध्याकाळी मी राउटरसमोर खुर्ची टाकून बसलो. नेट गेलं त्या क्षणी सगळे दिवे एकदम विझले, मग पॉवरचा लागला, मग एकेक करत बाकीचे. फायबर गेलं असतं तर पॉवरचा दिवा हलला नसता. राउटर स्वतःच बंद पडून परत उठत होता. ॲडॉप्टरला हात लावला, तर तो हात ठेववणार नाही इतका तापलेला.

ॲडॉप्टरमध्ये कपॅसिटर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारे भाग, असतात. वर्षानुवर्षं उष्णता सोसून ते क्षीण होतात. दिवसा राउटरला थोडाच करंट लागतो, तेव्हा निभतं. संध्याकाळी टीव्ही आणि पाच-सहा मोबाईल एकदम जोडले गेले की मागणी वाढते, व्होल्टेज खाली बसतं आणि राउटर रीस्टार्ट होतो. मल्टिमीटरने नुसतं टोक तपासलं तर बारा व्होल्ट पूर्ण दिसतात, कारण तेव्हा भार नसतो. आमच्या वायरमनचीही यात फसगत झाली होती. खात्री करायची सोपी रीत म्हणजे तेवढ्याच व्होल्टचा दुसरा चांगला ॲडॉप्टर दोन दिवस लावून पाहणं. आम्ही सीसीटीव्हीचा लावला आणि तक्रार त्याच दिवशी थांबली.

पण "पिन बसली म्हणजे चालेल" ही चूक करू नका. लेबलवर आउटपुट लिहिलेलं असतं, ते वाचा. व्होल्ट तंतोतंत तेच हवेत : राउटरवर १२ लिहिलं असेल तर १२, ९ असेल तर ९. अँपिअर मात्र जास्त असले तरी चालतात, कमी नकोत. १ अँपिअरच्या राउटरला २ अँपिअरचा ॲडॉप्टर काही इजा करत नाही, राउटर लागेल तेवढंच ओढतो. पाच व्होल्टच्या उपकरणाला बाराचा ॲडॉप्टर लावला तर ते जळू शकतं. लेबलवर दोन टोकांना अधिक-उणे असलेली गोल खूण असते. अधिक मध्यावर आहे का, हेही राउटरवरच्या खुणेशी ताडून पाहा. पिनेचा बाहेरचा व्यास बहुधा ५.५ मिलिमीटर असतो, पण आतलं भोक २.१ किंवा २.५. २.१ च्या जागी २.५ ची पिन आत जाते, पण सैल बसते आणि वायर हलली की दिवे विझतात.

ॲडॉप्टर कपाटामागे कोंबू नका, त्यावर कापड टाकू नका. चवथीच्या रोषणाईच्या माळा आणि राउटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका. त्या गर्दीत प्लग सैल होतो आणि नेट माळेच्या बटणाबरोबर जातं.

वीज आणि विजा

करंट सारखा जात असेल तर मिनी यूपीएस, म्हणजे राउटर बॅटरीवर चालू ठेवणारा छोटा डबा, उपयोगाचा आहे. घेताना त्याचे व्होल्ट राउटरशी जुळवा. त्याला वीज देणारा ॲडॉप्टर मात्र राउटर चालवून वर बॅटरीही चार्ज करील एवढ्या ताकदीचा हवा, नाहीतर बॅटरी कधी भरतच नाही.

मे अखेरीच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात "फायबर काचेचं आहे, वीज कशी येईल?" असं म्हणून लोक राउटर तसाच ठेवतात. काचेतून येत नाही, पण ॲडॉप्टरच्या सॉकेटातून येते, छपरावरच्या कॅमेऱ्याकडे गेलेल्या लॅन वायरीतून येते. आभाळ भरून आलं की दोन्ही काढून ठेवा, विजा डोक्यावर कडकडायला लागायच्या आधी.

कंपनीला फोन करताना "नेट नाही" एवढंच सांगू नका. "पॉवर हिरवा, पॉन बंद, एलओएस लाल, शेजाऱ्यांचंही गेलंय" असं सांगा. पलीकडच्याला लगेच कळतं की येताना फायबर जोडायचं यंत्र आणायचं की ॲडॉप्टर. आमच्या ॲडॉप्टरवर आता पांढरी चिकटपट्टी आहे, तिच्यावर मार्करने लिहिलंय : राउटर, १२ व्होल्ट, २ अँपिअर, आणि लावल्याची तारीख.