गच्चीवरचं बेट: भक्ष्य-भक्षकांच्या अभ्यासाला लागण्यापूर्वी

एमएस्सी प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षी प्रकल्पाचा विषय ठरवायची वेळ आली, तेव्हा मला ठाण्यालगतच्या येऊर जंगलातले बिबटे हवे होते. ठाण्यात वाढलेल्या कुणालाही आधी तेच सुचतं. मार्गदर्शक बाईंनी एकच विचारलं, "चार महिन्यांत बिबट्याच्या किती पिढ्या बघशील?" आणि मला मावा दिला. चवळीच्या शेंड्यांना चिकटून बसते ती बारीक काळी कीड म्हणजे मावा, आणि त्याला खाणारा ढालकिडा (लेडीबर्ड). तेव्हा मी हिरमुसले होते. आता या विषयात येऊ पाहणाऱ्या मुलांना मीही आधी असाच प्राणी घ्यायला सांगते, ज्याच्या पिढ्या आपल्या डोळ्यांसमोर उलटतात.

माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं देते आणि आपल्याकडच्या उबेत ती आठवडाभरात वयात येतात. ढालकिड्याला अंड्यापासून प्रौढ व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. खाणं वाढतं तेव्हा खाणारे अजून अंड्यांत असतात, आणि खाणारे वाढतात तोवर खाणं संपत आलेलं असतं. दोघांच्या संख्येच्या आलेखावर चढ-उताराच्या लाटा दिसतात, त्या या उशिरातून येतात.

वर्तकनगरमधल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर बारा कुंड्या मांडल्या आणि जांभळी नाक्यावरून आणलेली मच्छरदाणी त्यांवर ताणली. तिसऱ्या आठवड्यात ढालकिड्याच्या अळ्यांनी मावा फस्त केला, मग भुकेने एकमेकींना खाल्लं. जाळीत फक्त चवळी उरली. प्रयोग फसला असं समजून मी वही मिटली. बाईंनी ती उघडायला लावली आणि गॉज या रशियन जीवशास्त्रज्ञाचं काम वाचायला दिलं. त्याने 1934 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काचेच्या नळीत पॅरामेशियम हा एकपेशी जीव आणि त्याला खाणारा डिडिनियम एकत्र ठेवले होते. तिथेही आधी भक्ष्य संपलं, मग भक्षक उपाशी मेले. तळाशी गाळ ठेवला, तेव्हा त्यात लपलेले पॅरामेशियम वाचले आणि डिडिनियम संपले. लाटा दिसल्या त्या ठरावीक दिवसांनी दोन्हींतला एकेक जीव बाहेरून आत सोडल्यावर. हफेकर या कीटकशास्त्रज्ञाने 1958 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात संत्र्यांवर कोळी किडे आणि त्यांना खाणारे दुसरे कोळी किडे सोडले, वाटांत व्हॅसलीनचे बांध घातले, तेव्हा कुठे त्याला तीन पूर्ण लाटा मिळाल्या. माझी रिकामी जाळी ही चूक नव्हती, ते एक निरीक्षण होतं.

गणिताला घाबरून जीवशास्त्राकडे आलेल्यांनी इथे पळू नये. भक्ष्य-भक्षकांची संख्या कशी बदलते हे सांगणारी लोटका (1925) आणि व्होल्तेरा (1926) या गणितज्ञांची समीकरणं एक्सेलमध्ये चार स्तंभांत बसतात. भक्ष्याची वाढ 0.5, शिकारीचा दर 0.02, खाल्लेल्याचं पिल्लांत रूपांतर 0.25, भक्षकांचा मृत्युदर 0.5 असे आकडे घाला. 100 भक्ष्य आणि 25 भक्षक असतील तर काहीच हलत नाही. 120 भक्ष्यांपासून सुरू करा, लाटा येतील. माझ्या लाटा प्रत्येक फेरीत मोठ्या होत गेल्या आणि मला वाटलं, ही व्यवस्था मुळातच कोसळणारी आहे. त्यावर प्रकरणाची दोन पानंही लिहिली. खरं तर मी काळाची पायरी, म्हणजे एका ओळीतून पुढच्या ओळीत जाताना काळ किती सरकतो तो आकडा, 1 घेतली होती. ती 0.01 केली आणि लाटा जवळजवळ एकाच उंचीवर आल्या. ती दोन पानं फाडावी लागली. तेव्हापासून आलेखात काहीही वेगळं दिसलं की आधी पायरी लहान करून बघते.

त्याच समीकरणात आणखी एक गोष्ट आहे, जी मला गच्चीवर समजली. भक्ष्य आणि भक्षक दोघांनाही बाहेरून सारखंच मारत राहिलं, तर सरासरीने भक्ष्य वाढतं. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी थंडावली, तेव्हा बाजारात येणाऱ्या माशांत शिकारी माशांचं प्रमाण का वाढलं, असा प्रश्न व्होल्तेराला त्याचा जावई, जीवशास्त्रज्ञ द'अंकोना याने घातला होता. त्याचं हे उत्तर: मार थांबला की उलट होतं, भक्षकांचं प्रमाण वाढतं. आमच्या सोसायटीत डासांसाठी धूर मारला गेला आणि तो जाळीतही शिरला. ढालकिडे गेले, मावाही बराच गेला. पण पानांच्या पाठी राहिलेल्या माव्याने दहा दिवसांत शेंडे पुन्हा काळे केले. समीकरणातला सततचा मार आणि एकदाच मारलेला धूर एक नव्हेत, तरी उलटून येण्यात मावा पुढे आणि ढालकिडा मागे राहतो हे नीट दिसलं. मुंग्याही कुंडीखालून आत आल्या होत्या. माव्याच्या गोड स्रावासाठी त्या ढालकिड्यांना हुसकावतात. म्हणजे माझं "बंद" बेट दोन वाटांनी उघडं होतं.

म्हणून नवख्यांना माझं सांगणं एकच: आकडे गोळा करण्याआधी हद्द तपासा. आत काय येतं, बाहेर काय जातं, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. उत्तर अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरातल्या आइल रॉयल बेटावर लांडगे आणि त्यांचं भक्ष्य असलेली मूस ही मोठी हरणं यांची मोजणी 1958 पासून चालू आहे. मूसला मारणारा दुसरा प्राणी तिथे नाही, त्यामुळे याहून स्वच्छ बेट सापडणं अवघड. तरीही 1980 मधले 50 लांडगे दोन वर्षांत 14 वर आले, त्यामागे कुत्र्यांचा पार्वो विषाणू होता. 1996 च्या कडक हिवाळ्यात मूस उपाशी मेले, लांडग्यांमुळे नव्हे. 1997 मध्ये गोठलेल्या पाण्यावरून एकच नर लांडगा आला आणि खचलेल्या कळपांत नवं रक्त मिसळलं. पुढे त्याचीच वंशावळ इतकी पसरली की पुन्हा आंतरप्रजनन, म्हणजे जवळच्या नात्यातलं प्रजनन, सुरू झालं. 2016 मध्ये दोन लांडगे उरले, मग 2018-19 मध्ये 19 आणून सोडावे लागले. यातली कुठलीही पाच वर्षं उचलली, तर वेगळाच सिद्धांत निघेल.

येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा आपल्या बाजूचा भाग. साधारण 104 चौरस किलोमीटरचं हे जंगल ठाणे, मुलुंड, बोरिवली आणि घोडबंदर रस्ता यांनी वेढलेलं आहे. नकाशावर ते बेटच दिसतं. पण तिथला बिबट्या चितळ-सांबरासोबत वस्तीलगतची कुत्रीही खातो, तेव्हा फक्त चितळांवर बेतलेलं समीकरण तिथे चालत नाही. आणि 2009 मध्ये माळशेज घाटात गळपट्टा लावून सोडलेला आजोबा नावाचा बिबट्या महामार्ग, रेल्वे ओलांडत सुमारे 120 किलोमीटर चालून या उद्यानापर्यंत पोहोचला होता. पुढे 2011 मध्ये रस्त्यावर वाहनाच्या धडकेने तो गेला. आपल्या बेटात ये-जा करायची वाट अशी उघडी आहे.

कामाचं थोडं. उद्यानात संशोधन करायचं तर वनविभागाची लेखी परवानगी लागते, अर्ज लवकर करा. आर नावाची मोफत संगणकभाषा शिका. पदवीनंतरची पहिली नोकरी बहुधा तात्पुरत्या प्रकल्पातली असते, पगार बेताचा, घरच्यांना आधी सांगून ठेवा. लेंड्या मोजण्याचं काम कमी समजू नका, चितळांचा अंदाज त्यावरूनही येतो. मोजणी रोज एकाच वेळी करा, आणि शून्य आलं तरी शून्य लिहा. रिकामा रकाना आणि शून्य यांत फरक असतो.

शेवटच्या महिन्यात मी कुंड्या तीन जाळ्यांत वाटल्या, स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या आणि जाळ्यांमध्ये सुतळीचे पूल बांधले. एका जाळीत मावा संपला की दुसऱ्या जाळीतून थोडा थोडा येई. दोन लाटा पुऱ्या झाल्या. तिसरी चढत असताना जूनचा पाऊस गच्चीवर उतरला. त्या दिवशीची नोंद अशी आहे: कुंडी 9, मावा 41, ढालकिड्याची अळी 1.