इस्तंबूलची मेट्रोबस: एका जुन्या कंडक्टरच्या सूचना

एसटीत ३१ वर्षं कंडक्टरकी केली, त्यातली बरीचशी सातारा-स्वारगेट मार्गावर. लेक इस्तंबूलला नोकरीला लागल्यापासून दोन उन्हाळे आम्ही नवरा-बायको तिच्याकडे राहून आलो. ती राहते बेयलिकदुझूला, म्हणजे शहराच्या पार पश्चिम टोकाला. ती सकाळी कामावर गेली की आम्ही दोघं मोकळे, आणि घरापासून चालत दहा मिनिटांवर मेट्रोबस. आता ओळखीतले तीन-चार जण आपापल्या मुलांकडे तिकडं निघालेत आणि प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून माझा घसा बसलाय. म्हणून एकदाच लिहून काढतो.

नाव मेट्रोबस असलं तरी ती मेट्रो नव्हे, बसच. हमरस्त्याच्या मधोमध तिच्यासाठी वेगळा रस्ता राखलाय, दोन्ही बाजूंनी कठडे घातलेत, आत दुसरं कुठलंही वाहन येत नाही. २००७ च्या सप्टेंबरात तोपकापी ते अवजलर एवढीच सुरू झाली. २००९ साली बॉस्फरस सामुद्रधुनीवरचा पूल ओलांडून युरोपातून आशियात गेली आणि २०१२ साली आमच्या बेयलिकदुझूपर्यंत आली. आज ५२ किलोमीटर आणि ४४ थांबे आहेत. आपल्या पुण्यात कात्रज-स्वारगेटची बीआरटी, म्हणजे असाच बसचा राखीव रस्ता, २००६ च्या डिसेंबरात सुरू झाली होती, म्हणजे आपण त्यांच्या नऊ महिने आधी. असो.

पहिलं काम कार्डाचं. बसमध्ये कंडक्टर नाही आणि ड्रायव्हर पैसे घेत नाही. तिकीट थांब्याच्या दारातच. आपल्याकडे विनावाहक विनाथांबा सातारा-स्वारगेट असते ना, खाली खिडकीवर तिकीट काढा आणि मग गाडीत चढा, तसंच. कार्डाचं नाव इस्तंबूलकार्ट. विमानतळावर, मेट्रोच्या स्टेशनांवर आणि मेट्रोबसच्या मोठ्या थांब्यांवर मशीन असतं, त्यातून नवं कार्ड निघतं आणि पैसेही भरता येतात. मशीनवर भाषा बदलून इंग्रजी करता येते, घाबरायचं कारण नाही. हेच कार्ड मेट्रो, ट्राम आणि बोटीलाही चालतं. एका कार्डावर दोघं जाऊ शकता, पण मी सांगतो, दोघांची दोन कार्डं घ्या. का ते पुढं येईलच. भाड्याचा आकडा इथं लिहीत नाही, तो सारखा वाढतो. आणि हो, पंचाहत्तरी झालेल्यांना एसटी फुकट आणि पासष्टीच्या पुढच्यांना अर्धं तिकीट, या सवयीनं तिकडं आधारकार्ड काढून दाखवू नका. त्यांची ज्येष्ठांची सवलत त्यांच्या नागरिकांना आहे. माझ्या एका मित्रानं दाखवलं होतं.

दारात फिरता दांडा आहे. कार्ड टेकवा, दांडा सुटतो. लाल दिवा लागला आणि 'येतेरसिझ बाकिये' असं आलं तर समजा पैसे कमी पडले. बाकिये म्हणजे आपली बाकीच. हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा एवढ्या लांब परमुलखात कुणीतरी नात्यातलं भेटल्यासारखं वाटलं.

आता नीट ऐका, इथंच सगळे फसतात. आत शिरताना कार्डातून पूर्ण भाडं कापलं जातं, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंतचं. तुम्ही चार थांब्यांनी उतरलात तर उरलेले पैसे तुमचे, पण ते आपोआप परत येत नाहीत. बाहेर पडायच्या वाटेवर एक छोटं मशीन असतं, त्यावर 'इआदे' लिहिलेलं असतं. इआदे म्हणजे परत. उतरल्यावर तिथं कार्ड पुन्हा टेकवायचं, की राहिलेली रक्कम कार्डात जमा होते. नाही टेकवलं तर गेले.

पहिल्याच दिवशी मी टेकवलं नाही. आम्ही जेमतेम सहा थांबे गेलो होतो. संध्याकाळी लेकीनं विचारलं, "बाबा, इआदे केलंत ना?" म्हटलं, ते काय असतं? तिनं समजावलं आणि मी कपाळावर हात मारला. आयुष्यभर मी दुसरं काय केलं? सुट्टे नसले की तिकिटाच्या मागं पेनानं चौदा रुपये, सदतीस रुपये असे आकडे घालून द्यायचो आणि म्हणायचो, उतरताना घ्या. निम्मी माणसं झोपेतून उठून तशीच उतरायची. एकदा वाढे फाट्यावर एक म्हातारबा उतरले, त्यांचे ऐंशी रुपये माझ्याकडे राहिले. गाडी पुढं निघाल्यावर लक्षात आलं. घंटी मारून गाडी थांबवली आणि पळत जाऊन त्यांच्या हातात दिले. सगळ्यांच्या मागं मात्र पळणं झालं नाही, खोटं कशाला बोलू. आमची ही म्हणाली, "लोकांचे राहिलेले सुट्टे आज फिटले." तेव्हापासून ती बसमधून उतरली की आधी इआदेचं मशीन शोधते आणि मग माझ्याकडे बघते. दोन कार्डं घ्या म्हणालो ते याचसाठी. ज्याचं त्याचं कार्ड, ज्याचा त्याचा परतावा, हिशोब सरळ.

फलाटावर पोचलात की पाटी बघा. सगळ्या गाड्या ३४ नंबरच्या, मागची अक्षरं वेगळी. आम्ही कंडक्टर मंडळी पाटीवर जगलेली, त्यामुळे मला हे एका दिवसात पाठ झालं, पण हिला आठवडा लागला. तुम्ही एवढंच लक्षात ठेवा. बेयलिकदुझूहून निघणारी ३४ बीझेड झिंजिर्लीकुयूपर्यंत जाते आणि तिथं संपते, पूल ओलांडत नाही. बेयलिकदुझूचीच ३४ सी त्याच्याही आधी, जेविझलिबाला थांबते. पलीकडे आशियात सोउतलूचेश्मेपर्यंत जाणाऱ्या म्हणजे ३४ एएस, ३४ ए, ३४ झेड आणि ३४ जी. यातली ३४ एएस अवजलरहून सुटते, ३४ ए जेविझलिबाहून, ३४ झेड झिंजिर्लीकुयूहून. ३४ जी या टोकापासून त्या टोकापर्यंत धावते आणि रात्रभर चालू असते. रात्री दोन वाजता घरी परतायचं असलं तरी गाडी आहे, टॅक्सीवाल्याशी घासाघीस नको.

नावं वाचताना जीभ अडखळते, त्यावर उपाय सांगतो. इंग्रजी सी दिसला की 'ज' म्हणा. सीला खाली शेपूट असेल तर 'च', एसला शेपूट असेल तर 'श'. जीच्या डोक्यावर वाटी असेल तर तो मुकाच समजा. एवढं आलं की निम्मे थांबे ओळखीचे निघतात. झिंजिर म्हणजे जंजीर, कुयु म्हणजे विहीर. झिंजिर्लीकुयू, साखळदंडाची विहीर. ओकमेयदानी म्हणजे बाणांचं मैदान, जुन्या काळी तिथं तिरंदाजी चालायची. त्याच्या पुढच्या एका थांब्याच्या नावात 'हस्ताने' येतं, म्हणजे इस्पितळ. आणि कुचुकचेकमेजेच्या पुढं एक थांबा आहे जेन्नेत महालेसी. जेन्नेत म्हणजे जन्नत, महाले म्हणजे मोहल्ला. सरळ मराठीत स्वर्गवाडी. मी हिला म्हटलं, बघ, स्वारगेटपर्यंत लोकांना सोडत होतो, इथं बस थेट स्वर्गात जाते, आणि तिथं उतरलं तर पैसेही परत मिळतात.

बसायला जागा हवी असेल तर थोडं डोकं चालवावं लागतं. सकाळी शहराकडे जाणाऱ्या आणि संध्याकाळी अवजलर-बेयलिकदुझूकडे परतणाऱ्या गाड्यांत मुंगीला शिरायला जागा नसते. रुमाल टाकून जागा धरायची पद्धत नाही. पण गर्दीच्या वेळी अर्ध्या-पाऊण मिनिटाला गाडी येते, म्हणून पहिली सोडायला जीव कासावीस होत नाही. जिथून गाडी सुटते तिथं थांबा. झिंजिर्लीकुयूला फलाटावर लोक बरोबर दार जिथं येतं तिथं रांग करून उभे असतात. रिकामी गाडी लागते, पुढचे बसतात, ज्यांना बसायला मिळालं नाही त्यातले काही जण मागं सरून पुढच्या गाडीची वाट बघतात. कुणी ढकलत नाही असं म्हणणार नाही, ढकलतात, पण रांग मोडत नाहीत. पूल ओलांडायचा असेल तर झिंजिर्लीकुयूला ३४ झेड धरा. ३४ एएस अवजलरहून भरूनच येते, त्यात मान वाकडी करून उभं राहावं लागेल. गाडी बदलताना थांब्याच्या बाहेर पडू नका, आतल्या आत बदला, म्हणजे पुन्हा भाडं लागत नाही.

पिकल्या केसांचा मान अजून आहे तिथं. पोरं उठतात आणि हिला म्हणतात, "बुयुरुन तेयझे." बुयुरुन म्हणजे या, बसा. तेयझे म्हणजे मावशी. मला 'अमजा' म्हणतात, म्हणजे काका, तोही बापाचा भाऊ. मामा आणि काका वेगळे ठेवलेत त्यांनीही. नको नको म्हणत बसू नका, लगेच बसा, गाडी ब्रेक जोरात मारते.

गाडी स्वतःच बघण्यासारखी आहे. मध्ये भाता असलेली लांबलचक जोडगाडी, फलाटाला दारं येऊन भिडतात. मला जे कोडं पडलं ते वेगळंच. तुर्कस्तानात वाहतूक उजवीकडून चालते, मग मेट्रोबस आपल्यासारखी डावीकडून कशी? दोन दिवस मी खिडकीला नाक लावून होतो. उत्तर सोपं आहे. फलाट रस्त्याच्या मधोमध, एकच, दोन्ही दिशांना मिळून. आणि गाड्यांची दारं उजव्या बाजूला. दार फलाटाकडे यायचं तर गाडी डावीकडूनच चालवावी लागते. म्हणून बाजूच्या कठड्यापलीकडच्या मोटारी आपल्या अंगावर आल्यासारख्या दिसतात. पहिल्या दिवशी हिनं माझा दंड गच्च धरला होता. पुलाच्या आधी मात्र राखीव रस्ता संपतो, गाडी बाजू बदलून उजवीकडे जाते आणि इतर वाहनांत मिसळते. ऑफिस सुटायच्या वेळी तिथं अडकलात तर चिडू नका.

हा पूल १९७३ साली खुला झाला. बॉस्फरस पूल म्हणायचे, २०१६ साली नाव बदलून १५ जुलै शहीद पूल झालं. थांब्याच्या पाटीवर 'शेहितलेर' वाचाल, तोही आपलाच शहीद. युरोपातून आशियात जाताना उजव्या हाताच्या खिडकीला बसा. खाली बोटी, आणि लांबवर जुन्या शहराचे मिनार दिसतात. संध्याकाळी ऊन तिकडूनच येतं. हे तिकीट काढून बघायला लावलं असतं तरी लोकांनी काढलं असतं.

कुठं उतरायचं ते आता पटापट. सुलतानअहमद, आयासोफिया बघायचं असेल तर जेविझलिबाला उतरून टी१ ट्राम. विमानतळाला जायचं असेल तर झिंजिर्लीकुयू, तिथून भुयारी वाटेनं गायरेत्तेपे मेट्रो स्टेशन, मग एम११ नंबरची मेट्रो. ती वाट चांगली लांब आहे, चाकांची बॅग घ्या. काडिकोयचा बाजार आणि बोटीचा धक्का हवा तर शेवटचा थांबा सोउतलूचेश्मे, पुढं पायी. मारमाराय रेल्वेही तिथंच मिळते.

गुडघेदुखीवाल्यांसाठी एक सूचना. थांबे हमरस्त्याच्या मध्ये असल्यामुळे बहुतेक ठिकाणी पादचारी पुलावरून जावं लागतं आणि जिने बरेच. लिफ्ट आहेत, पण कधी बंद, कधी दुसऱ्याच टोकाला. घरून निघताना दहा मिनिटं जास्तीची धरा.

आणि थांबा चुकला तर? आम्ही एकदा गप्पांच्या नादात दोन थांबे पुढं गेलो. हिनं लगेच घाबऱ्याघुबऱ्या पर्स चाचपली. म्हटलं, काही होत नाही. पुढच्या थांब्यावर उतरा, त्याच फलाटाच्या दुसऱ्या कडेला वळा आणि उलट दिशेची गाडी धरा. बाहेर पडलात नाही तर नवं भाडं नाही. फक्त अशा वेळी इआदेच्या मशीनला मध्येच हात लावायचा नाही, ते शेवटी उतरल्यावर.